बेकन आणि शेवटचा गुरुवार
आजही बेकनची चरबी तापायला लागली की मला रोडपालीचं भाड्याचं घर आठवतं. घरमालकीण काकू समोरच्याच घरात राहायच्या, आणि घरात अंडंसुद्धा शिजवायचं नाही या अटीवर त्यांनी आम्हाला जागा दिली होती. नवरा बोटीवर नोकरीला. डुकराच्या मांसाच्या त्या खारट पट्ट्यांची चटक लागूनच तो सुट्टीवर आला होता. नुसत्या तव्यावर परतलं तर धूर जिन्यात जातो, कुकरमध्ये लगदा होतो, हे करून झालं होतं. म्हणून त्या संध्याकाळी त्याने गार तव्यात पट्ट्या मांडून वर पाणी ओतलं. पाणी आटेपर्यंत वास येत नाही म्हणे. खिडक्या बंद, दाराखाली ओला टॉवेल, आम्ही दोघं घामाघूम, आणि बेल वाजली. दारात काकू, हातात हळदीकुंकू. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार मी साफ विसरले होते. "बोलावलं तरी आली नाहीस, म्हणून मीच आले," म्हणत त्या आत आल्या. मला खुर्चीत बसवून कुंकू लावलं, हातात केळं दिलं. माझी बोटं चरबीने बुळबुळीत. मग सवाष्ण म्हणजे लक्ष्मी, म्हणून त्यांनी वाकून माझ्या पायांवर डोकं टेकलं, आणि नेमकं तेव्हाच आत पाणी आटून तवा चरचरायला लागला. मला पाय मागे घेता येईनात. उठल्यावर त्यांनी एक खोल श्वास घेतला, स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "खिडकी उघड गं, जीव गुदमरेल." आता घर आमचं स्वतःचं आहे, तरी तवा ठेवण्याआधी मी अजून खिडक्या लावून घेते.