काकीचा सोन्याचा दात

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकीला उंब्रजजवळच्या आमच्या गावाहून सांगलीला माझ्या घरी आणायचं ठरलं, तेव्हा मी चुलतभावाला फोनवरच सांगून टाकलं, "आठ दिवस. वर एक दिवस नाही." तो बिचारा बरं म्हणाला. माझं आणि काकीचं जमत नाही हे आमच्या भावकीत सगळ्यांना ठाऊक होतं. का जमत नाही, तेही ठाऊक होतं, कारण वयाच्या सातव्या वर्षापासून मी ते जाईन तिथं सांगत आले होते. काकीनं मला विहिरीत ढकललं होतं.

ढकलण्यात तसं नवल नाही. आमच्याकडे पोरं उन्हाळ्यात विहिरीतच पोहायला शिकतात. तेलाचा रिकामा डबा झाळून हवाबंद करायचा, दोरीनं पोराच्या पाठीला बांधायचा आणि पायरीवरून त्याला पाण्यात लोटायचं. पोर रडलं तरी कुणी मनावर घेत नाही. पण त्या दिवशी माझ्या पाठीला डबा नव्हता. वडील फौजेत, आई त्यांच्याबरोबर, आणि मी शाळेसाठी काका-काकीकडे असायची. आईवडील तेव्हा सुट्टीवर आले होते, नाहीतर मी वाचलेही नसते, असंच मी धरून चालले होते.

मला सगळं स्वच्छ आठवतं. पाठीवर टेकलेला बांगड्यांचा हात. मी मान वळवली तर काकीचं तोंड, आणि हसताना चमकलेला तिचा सोन्याचा दात. मग हिरवं पाणी, आणि कानात काहीच नाही.

या एवढ्याशा चित्रावर मी पुढची बेचाळीस वर्षं काढली. आठवीत हट्टानं वसतिगृहात गेले. अजून डोळे मिटून तोंड धुऊ शकत नाही. कृष्णेचं पाणी वाढतंय एवढं ऐकलं की बॅग भरते. मुलीला पोहायचं होतं, तिला शिकू दिलं नाही, आणि ती चिडली तेव्हा काकीची गोष्ट सांगून गप्प केलं. आई गेली त्या दिवशी काकी तिच्या तोंडात पाणी घालायला पुढं झाली, तर मी चारचौघांत म्हटलं, "तुम्ही नको." काकी मागं सरली. माझं काही चुकलं असं मला वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

ऑपरेशन झालं. सातव्या दिवशी काकीचं डोकं खाजायला लागलं. डोळ्यात पाणी जाता कामा नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. म्हणून मोरीच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, काकीला पाठमोरी बसवलं, तिची मान मागं घेतली आणि डावा हात तिच्या डोक्याखाली धरला. शिकेकाई चोळून झाली. मग तांब्या उचलला, पण तो माझ्याच्यानं ओतवेना. भरलेला तांब्या आणि वर केलेलं तोंड एकदम बघितलं की माझं असं होतं.

"पाण्याला भ्या वाटतंय व्हय अजून?" काकी डोळे मिटूनच म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुम्हीच ढकललं आणि वर तुम्हीच विचारता? हसत होतात तुम्ही. सोन्याचा दात दिसला होता मला."



"सोन्याचा दात?" काकी म्हणाली. "तवा कुठला गं सोन्याचा दात? माझा दात त्याच दिशी पडला. तुला वर काढताना पायरीवर त्वांड आपटलं. सोन्याचा बसवला म्होरल्या दिवाळीला."

मी तांब्या खाली ठेवला. बसवलाच नव्हता तो दात मी पाहिला होता, चमकताना पाहिला होता, शपथेवर सांगितला होता.

"मग ढकललं कुणी?"

"ऱ्हाऊ दे आता."

"काकी, कुणी?"

"तुझ्या आयनं. तिला वाटलं मी डबा बांधलाय. मला वाटलं ती बांधतीया." ती सावकाश बोलत होती. "तू तापात बरळाय लागलीस, काकीनं ढकललं म्हून. पाण्यातनं वर आल्यावं पैलं माझंच त्वांड बघितलं हुतंस तू. तुझी आय सांगाय उठली हुती समद्यास्नी. मीच दाबली तिला. दुसऱ्या दिशी तिची गाडी हुती, वर्साला एकदा तर यायची. काकीचा राग धरून पोर जगतंय. आयचा धरून कसं जगंल?"

मला खाली बसावंसं वाटलं, पण हातात तिचं डोकं होतं. आई नंतर किती वर्षं जगली. माझ्यासमोर बसून माझ्या तोंडून ही गोष्ट तिनं किती वेळा ऐकली, आणि दरवेळी उठून चहा ठेवायला गेली. मी त्याला तिची माया समजत होते. आणि जिनं मला वर काढलं तिला मी आईच्या तोंडात घोटभर पाणी घालू दिलं नाही.

मी उभ्या उभ्या मनानं पुन्हा विहिरीच्या त्या पायरीवर गेले. मुद्दाम गेले, खरं ठाऊक झालंय तर आता आई दिसेल म्हणून. मान वळवली. काकीच होती, हसत होती, दात तसाच चमकत होता. मी पुन्हा पुन्हा बघितलं. चित्र जरासुद्धा हललं नाही, आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

"आदी डोस्कं धू," काकी म्हणाली. "शिकेकाई डोळ्यात उतरंल."

मी तांब्या उचलला. ती मान मागं टाकून, डोळे मिटून बसली होती. मी तिच्या पाठीशी उभी होते, आणि एवढ्या वेळात तिनं एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं.