सुपातली लाखोरी

भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानावर, माडीवरच्या खोलीत रक्षाताई बसतात. मानसशास्त्रज्ञ आहेत. पण पाटी वाचून वर आलेल्या माणसाच्या हातात आधी सूप येतं, लाखोरीची डाळ निवडायला. पहिलीतलं पोर असो नाहीतर ऐंशीची म्हातारी. "हात कामाला लागले की जीभ आपोआप सुटते," असं ताईंचं म्हणणं. तेवढ्यात नजर, बोटं, लक्ष सगळं त्या तपासून घेतात आणि समोरच्याला पत्ताच नाही!

परवा करडीहून कुंताबाई आल्या. संगं नवरा श्यामराव आणि मुलगा कैलाश. एकदा गॅसवर दूध करपलं, एवढंच निमित्त. मग गावातल्या तपासणी शिबिरात नवऱ्याचं नाव विचारलं, तर बाई गप्प. झालं! विसरण्याच्या आजाराचा शिक्का बसला आणि कैलाशनं आईला स्वयंपाकघर बंद केलं. जिनं जन्मभर घर जेवू घातलं, तिच्यापुढे आता आयतं ताट येई. बाई आतून पार खचली होती.

श्यामरावांचं दुखणं वेगळंच. "जिंदगी संगं गेली, अन् माहंच नाव भुलली," म्हणत ते दाराबाहेर बाकावर तोंड फिरवून बसले.

कुंताबाई डाळ निवडू लागल्या. ताईंनी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या वस्तू विचारल्या. एक सुटली, बाकीच्या आल्या. मग हळूच विचारलं, "आजी, मालकाचं नाव काय?"

कुंताबाईंनी पदर ओठांवर ओढला.

अरे देवा! ताईंना हसूच फुटलं. त्यांच्या स्वतःच्या आजीनं तरी आजोबांचं नाव कधी सरळ उच्चारलं होतं?

"असं नका सांगू, आजी. उखाण्यात घ्या न!"

म्हातारी खुलली. तिनं सुपाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सुपातली लाखोरी ठेवली येचून,
श्यामरावचं नाव घेते, बसले बाहेर रुसून!"

"बघा कैलाशभाऊ, बसल्या जागी उखाणा जुळवला," ताई म्हणाल्या. "वयाचं थोडं विसरणं आहे, त्यावर लक्ष ठेवू. पण स्वयंपाकघर त्यांचं त्यांना द्या."

कैलाश ओशाळला. "माय, आज भाजी तूच रांधजो."

श्यामराव डोळे पुसत दारात उभे होते. ताई म्हणाल्या, "बाबा, आता तुमची पाळी. आजींचं नाव घ्या."

म्हातारा लाजून लाल! जन्मभर "अवो, आयकलं का?" एवढ्यावरच भागवलेलं. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

कुंताबाईंनी सूप पुढे सरकवलं. "मॅडम, आता यायलेच तपासा."