फ्रेंच नवऱ्याचं वकीलपत्र

हळदीच्या पेठेत चार दिवस बसलेल्या माणसाचं धोतर पिवळं होतं, त्याला काही इलाज नाही. थेटरात नोकरी केलेल्या माणसाला तसेच किस्से लागतात. धुतले तरी जात नाहीत. सांगलीच्या एका थेटरात मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे तिकिटं फाडण्यापासून खुर्च्यांतले ढेकूण मारण्यापर्यंत सगळं! आता बैठक जमली की मित्र म्हणतात, "मॅनेजर, तो फ्रेंच सिनेमाचा किस्सा होऊन जाऊ दे." मी सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू? त्यातल्या अर्ध्या किस्स्यांची मला तेव्हाच लाज वाटली होती. उरलेल्यांची हल्ली वाटायला लागली आहे.

*

दुसरी मोठी लढाई संपून वर्षही झालं नव्हतं. फिल्मची टंचाई, नवं मराठी चित्र मिळेना. आमचे मालक आप्पा मूळचे हळदीचे अडते. ते मुंबईला गेले आणि स्वस्तात एक चित्र घेऊन आले.

"फ्रेंच हाय!" डबे खाली ठेवत आप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळा मारला.

बोर्डावर चित्राचं नाव बारीक अक्षरात आलं. 'फ्रेंच' हा शब्द मात्र हातभर, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं! पेंटरने विचारलं, "आप्पा, बाई कशी काढू?"

"पाठमोरी काढ रं. बाकीचं लोक काढत्यात मनात."

आता चित्रात काय होतं? एक नवरा, त्याची बायको आणि बायकोची एक तरुण मैत्रीण. नवऱ्याला ती मैत्रीण हवी असते. हवी तर हवी म्हणावं ना! पण नाही. यात आपला स्वार्थ कसा नाही, हे तो सबंध चित्रभर बायकोला समजावतो. दिवाणखान्यात समजावतो, बागेत समजावतो, तोंडात घास असताना समजावतो. बोलणं सगळं फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरं. ज्यासाठी गाव लोटलं होतं त्यातलं काहीएक नाही. ती मैत्रीण एकदा पायातला मोजा वर ओढते, तेवढंच!

*

पहिल्या खेळाला ऐन वैशाखात निम्मं थेटर मफलर गुंडाळून आलं होतं. काहींनी टोपी भुवईपर्यंत ओढलेली. तिकिटाच्या खिडकीत नुसते हात यायचे, तोंडं बाजूला. अंगठ्यांवरून मी माणसं ओळखत होतो.

इंटरव्हलला दिवे लागले आणि सगळा घोटाळा झाला. वाईचे एक प्रतिष्ठित गृहस्थ सांगलीला लेकीकडे आले होते. "देवळात जाऊन येतो," म्हणून बाहेर पडले ते आमच्याकडे पोचले. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा मफलर उकाड्याने घसरला, तर आत जावई!

सासरे आधी सावरले. "जावईबापू! मी तुम्हालाच शोधत आलो होतो!"

"मीही तुम्हालाच," जावई म्हणाला.

सापडले, आता घरी जायचं ना? तर दोघांनी मफलर नीट केले आणि उरलेलं चित्र शेजारी बसून पाहिलं.

*

एका शाळेचे हेडमास्तर पिटात, म्हणजे पुढच्या स्वस्त बाकांवर सापडले. मुलांना आधी ते दिसले, की त्यांना आधी मुलं, यावर मतभेद आहेत.

"कोण कोण विद्यार्थी असल्या चित्रांना येतात ते पाहायला आलोय," हेडमास्तर गरजले. नावं लिहून घेतली. मुलांची तोंडं एवढीएवढीशी झाली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर पुन्हा हजर. मी दारातच म्हटलं, "गुरुजी, आज पोरं आली नाहीत."

"असं? मग खात्री करून घेतो," म्हणाले आणि तिकीट काढून आत गेले!

*

साताऱ्याकडचे एक पेन्शनर हवालदार आमच्या शेजारच्या बोळात राहायचे. पहिल्या लढाईत फ्रान्सला जाऊन आलेले. लोकांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि मागून ओरडा सुरू केला, "आवं हवालदार, काय म्हणतोय त्यो?"

हवालदार छाती काढून बसले होते. पाऊण तास झाला तरी त्यांच्या तोंडून शब्द नाही. शेवटी ते उभे राहिले आणि सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तिथं लय दिस हुतो. फ्रेंच मानूस बोलतो, न्हाई असं न्हाई. पर ह्यो फ्रेंच न्हाई गड्या, ह्यो वकील हाय!"

लोक खो खो हसले. आमच्या मंडळींतले नाना वकीलही हसले.

*

आता नानांबद्दल सांगायलाच हवं. रोज संध्याकाळी थेटरच्या ओट्यावर आमची बैठक असे. आप्पा, नाना, मिरजेहून येणारा आमचा ऑपरेटर दस्तगीर, आणि मी. नाना पन्नाशीला टेकलेले. बोलण्यात पटाईत, कोर्टात त्यांच्यापुढे कोणी टिकत नसे. घरी बायको आणि दोन मुली, थोरलीचं लग्न झालेलं.

आणि त्या उन्हाळ्यात नानांनी दुसरं लग्न काढलं होतं! मुलगी शिरवळकडची, थोरल्या लेकीच्याच वयाची. मुंबई इलाख्यात दुसऱ्या लग्नाला बंदीचा कायदा येणार अशी चर्चा होती. उद्या तो वारा आमच्या सांगली संस्थानात शिरला तर? म्हणून नानांना घाई.

कारण मात्र रोज नवं. एक दिवस वंशाला मुलगा नाही. दुसऱ्या दिवशी, गरिबाची पोर आहे, तिचं कल्याण होईल. तिसऱ्या दिवशी तर कमाल. "हिचे गुडघे दुखतात हो. हिच्या हाताखाली माणूस नको?"

आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी, "मुख्य म्हणजे हिनेच सुचवलंय!"

ही म्हणजे माई. आम्ही त्यांना चांगलं ओळखत होतो. ओळखत होतो म्हणजे त्यांची थालीपिठं ओळखत होतो. दर शनिवारी लोण्याच्या गोळ्यासकट डबा ओट्यावर यायचा. त्या डब्यातलं थालीपीठ खात आम्ही नानांना म्हणायचो, "माई म्हणजे देवमाणूस हो!" हे खरं आहे का, असं कोणी माईंना जाऊन विचारलं नाही. ज्या घरचं इतक्या वेळा खाल्लं, त्या घराचा उंबरा आम्हाला ओलांडवला नाही.

*

चित्र लागल्याच्या तिसऱ्या दिवशी लोक पैसे परत मागायला लागले. कळत नाही तर बघायचं काय? आप्पांना मूकपटाचे दिवस आठवले. तेव्हा पडद्याशेजारी माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा.

"नाना, तुमाला इंग्रजी येतं. हुबं ऱ्हावा की पडद्यापाशी!"

नाना तयार झाले. हातात वेताची छडी, अंगात कोर्टाचा काळा कोट. पहिली पाच मिनिटं त्यांनी अक्षरं वाचून इमानाने मराठी केलं. मग त्या फ्रेंच नवऱ्याने बाजू मांडायला सुरुवात केली आणि नानांना राहवेना. अशिलाची बाजू लंगडी पडते आहे असं दिसल्यावर वकील गप्प कसा बसेल?

पडद्यावर इंग्रजीत आलं, 'मी सुखी नाही.' मी मागच्या रांगेत उभा होतो, स्वतः वाचलं. नाना म्हणाले, "तो म्हणतो, माझ्या पश्चात मला पाणी कोण देणार? माझं पिंडदान कोण करणार?"

पिटात जतकडचा एक धनगर बसला होता. बाजाराला आलेला, मांडीवर घोंगडं. तो उठून हात जोडून म्हणाला, "वकीलसायेब, एक इचारू? फ्रान्सातबी कावळा शिवावा लागतो व्हय?"

थेटर पाच मिनिटं हसत होतं. नाना थांबले नाहीत. त्यांनी फ्रेंच कावळाही समजावून सांगितला!

*

आमच्याकडे मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं, मग पुढे. नाना आल्यापासून दस्तगीरची पंचाईत झाली. रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, तरी अंधारात नवऱ्याची बाजू चालूच!

दस्तगीरने केबिनच्या भोकातून डोकं काढलं. "नाना, रीळ खतम! लाइट लावू काय?"

"थांब रे! माझं अजून संपलं नाही!"

खाली येऊन दस्तगीर मला म्हणाला, "मॅनेजर, पडद्यावर मानूसच न्हाई, आन् वकील कुनाचं बोलतोय?"

मी हसलो आणि विषय बदलला.

*

नानांमुळे चित्र जोरात चाललं. लोकांना ते घरगुती वाटायला लागलं. फ्रेंच बाई 'आपल्या हिच्यासारखी' झाली, फ्रेंच मैत्रीण 'गरिबाची पोर' झाली. आप्पांनी उद्गारचिन्हं पुसून बोर्डावर लिहून घेतलं, 'सहकुटुंब पाहावा असा'. पाठमोऱ्या बाईच्या डोक्यावर पेंटरने पदर रंगवला. बायकांच्या सज्ज्यातही गर्दी व्हायला लागली.

तिथली डोअरकीपर राधाबाई. तिने एका संध्याकाळी मला गाठलं.

"मॅनेजर, एक सांगा. त्यो बाप्या एक शब्द बोलतो आन् वकील घटकाभर सांगत्यात. ती बाई घटकाभर बोलती आन् वकील म्हनत्यात, 'ती म्हणते, बरं.' असं कसं वं?"

"फ्रेंच भाषाच तशी आहे," मी म्हटलं.

"आवं, आमच्या घरातबी तसंच हाय," राधाबाई म्हणाली. "पर आमी मराठी बोलतो."

*

शनिवारी नाना शिरवळहून आले ते सुपारी फोडूनच. येताना साताऱ्याचे कंदी पेढे आणले होते. ओट्यावर पुडा उघडला. त्याच दिवशी माईंचा डबाही आला होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले.

"माईंना सांगितलंत?" आप्पांनी विचारलं.

"सांगायचं काय? तिनेच तर सुचवलंय! उद्या दुपारच्या खेळाला बोलावलंय तिला. चित्र बघितलं की तिच्याही मनाची तयारी होईल."

तिनेच सुचवलंय तर मनाची तयारी कसली करायची? हे माझ्या मनात आलं. आप्पांच्याही आलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दस्तगीर तर खाली बघत पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. नानांनी पुडा पुढे केला. आप्पांनी एक पेढा घेतला. मी दोन घेतले.

*

रविवार दुपार. थेटर भरलेलं. माई सज्ज्यात पहिल्या रांगेत, कठड्याला लागून. डोक्यावरून पदर, हात मांडीवर. त्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थेटरात आल्या होत्या, असं राधाबाई म्हणाली. मी आणि आप्पा मागे दाराशी उभे.

नाना त्या दिवशी असे बोलले की विचारू नका! फ्रेंच नवऱ्याच्या बायकोचे गुडघेसुद्धा दुखायला लागले. पडद्यावर ती चांगली जिना चढत होती, तरी दुखले! पिटातून लोक "व्हय, व्हय, बराबर हाय!" म्हणून साथ देत होते. हसणं कधीच थांबलं होतं. लोकांना खरंच पटायला लागलं होतं.

शेवटच्या प्रसंगात नवरा बोलून दमतो आणि खुर्चीत बसतो. मग ती बायको उठते. खिडकीशी जाते आणि बोलायला लागते. सावकाश, नवऱ्याकडे न बघता, बराच वेळ.

नाना कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "ती म्हणते, बरं."

"अहो!"

आवाज सज्ज्यातून आला. खाली बसलेल्या सगळ्या नवऱ्यांनी एकदम माना वर केल्या!

माई उभ्या होत्या. कठड्याला एक हात.

"ती एवढं बोलतेय. तिचंही सांगा ना."

नानांची छडी हवेतच राहिली. पडद्यावर ती बाई बोलतच होती. "विशेष काही नाही," नाना म्हणाले. "तिची संमती आहे, एवढंच."

"नाही," माई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. घरात डबा भरताना बोलतात तसा साधा आवाज. "ती म्हणतेय, तुम्हाला हवं ते करा. पण मीच सुचवलं, असं लोकांना सांगत फिरू नका. लोक माझ्या हातचं खातात."

माईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मला येत होतं. त्या वेळी पडद्यावर खाली काय अक्षरं आली होती, असं पुढे कितीतरी जणांनी मला विचारलं. मी वाचली नाहीत, माझी मान खाली होती. आप्पांनी वाचली असतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं, तर तेही आपल्या वहाणांकडे बघत होते.