नवराबायको, काळ्या दगडावर

काळ्या ग्रॅनाइटवर लेझरने कोरलेला माणूस मला नेहमी भाषणाच्या तयारीत असल्यासारखा वाटतो. अमरावतीत बडनेरा रोडला असे दगड करून देणारं दुकान आहे. त्याच्या भिंतीवर नमुन्यादाखल दहाबारा चेहरे लावलेले आहेत, आणि आपण आता नाही हे त्यातल्या एकालाही मान्य दिसत नाही. त्याच दुकानात एका सकाळी मी यंत्राच्या काचेला नाक लावून उभा होतो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

झालं असं, की अकोल्याला आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांसाठी अभ्यासिका झाली. तिथली पुस्तकांची कपाटं आईने दिली. कपाटं दिली की दात्याचा दगड आलाच, असं कमिटीचं म्हणणं. आईने एकच अट घातली: दगडावर ती आणि वडील शेजारी शेजारी पाहिजेत. कारण त्या दोघांचा एकत्र असा फोटोच नाही. लग्नातला एक आहे, त्यात आईचा फक्त पदर आला आहे.

वडील अकोटजवळच्या एका गावात शिक्षक होते. सदतिसाव्या वर्षी तापाने गेले. नंतर आई अनुकंपेवर शाळेत शिपाई म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. वडिलांचा ओळखपत्रासाठी काढलेला फोटो टॉवेलात गुंडाळून ती अकोल्याहून सकाळच्या बसने आली. तिचा फोटो मी दुकानासमोरच मोबाइलवर काढला.

यंत्र चालवणाऱ्याने दोन्ही फोटो संगणकाच्या पडद्यावर शेजारी लावले आणि आवाज खाली आणून विचारलं, "काकू, हे मोठे चिरंजीव काय? कधी गेले?"

"कोन चिरंजीव?" आई म्हणाली. "नवरा होय बाप्पा माहा!"

तो ओशाळला. मला हसू आलं, पण पडद्याकडे पाहिल्यावर ते टिकलं नाही. अडुसष्ट वर्षांची बाई, आणि शेजारी तेल लावून भांग पाडलेला सदतीस वर्षांचा तरुण. मीच आता त्या तरुणापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे.

आईही बघत होती. मग म्हणाली, "उद्घाटनाले सारी वस्ती येईन. म्हनतीन, म्हातारी पोराच्या बाजूले बसली. नवराबायको हाये हे कोनाले समजन?"

"त्याचं टेन्शन घेऊ नका," यंत्रवाला म्हणाला. "मी यायले म्हातारं करून देतो."

दोन मिनिटांत वडिलांना पांढऱ्या मिशा, गालाला सुरकुत्या आणि निवृत्त ठाणेदाराचा रुबाब आला. आईने मान वाकडी करून पाहिलं.

"हा कोन म्हातारा?"

"तुमचे मिस्टर."

"माह्या ओळखीचा नाही."

मग त्याने आईला तरुण केलं. ती मालिकेतली जाऊबाई दिसायला लागली. "इले तं मी घरात घेनार नाही," आई म्हणाली. "आमी जसे हावो तसेच ठेव. पन खाली लिह्य."

लिहिण्यासाठी कमिटीच्या अध्यक्षांनी माझ्या मोबाइलवर मजकूर पाठवलेलाच होता. अकरा ओळी. त्यांचं स्वतःचं नाव दोनदा होतं, एकदा मार्गदर्शक आणि एकदा उद्घाटक म्हणून. आईवडील सातव्या ओळीत 'दानशूर धम्मदाम्पत्य' होऊन बसले होते. मी ते वाचून दाखवलं.

"हे सारं काढ. दोघायचे नावं, नावाखाली वय, आन मधात नवराबायको."

"काकू, दगडावर असं कोनी लिहीत नाही," यंत्रवाला म्हणाला. "दाम्पत्य लिहितात."

"दाम्पत्य म्हंजे काय रे?"

"नवराबायको."

"मंग?"

मी मध्येच 'सहजीवन' हा शब्द सुचवला. मी अजून तिसरीत असल्यासारखं आईने माझ्याकडे पाहिलं. विषय संपला.

दगड यंत्रात ठेवला, काचेचं झाकण पडलं, पंखा घरघरला. लेझरचं डोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला लागलं. प्रत्येक फेरीत एक केसभर रेघ, वरून खाली. डावीकडे आईचे पांढरे केस उमटू लागले. उजवीकडे काही नाही. पुन्हा फेरी, पुन्हा फेरी. आईच्या कपाळावरच्या आठ्यांपर्यंत यंत्र आलं, तरी उजवीकडे नुसता काळा दगड.

"अवं माय! तुह्या बाबाचं डोकं काहून येऊन नाही राह्यलं?" आईने माझा दंड धरला.

"येते काकू. दगड मुळातच काळा हाये. लेझर फक्त पांढरं करते. काळे केस कोराचे नसतात, दगडच ठेवाचा असते. तुमच्या केसाले मात्र लय काम हाये."

मग एका फेरीत उजवीकडे भांगाची बारीक पांढरी रेघ आली. पुढे कपाळ. मग भुवया, म्हणजे भुवयांची न कोरलेली जागा. आम्ही दोघंही काचेवर वाकलो होतो. आमच्या श्वासाने ती धुरकटत होती आणि आई पदराने पुसत होती. "आले, आले! डोये आले!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की रस्त्यावरचे दोघे आत डोकावले. एरवी असल्या कोरीव चेहऱ्यांवर हसणाऱ्या मीच त्यांना ओढून आणून दाखवलं, "हे आमचे वडील."

शेवटी 'नवराबायको' उमटलं. एवढ्याशा शब्दाला मिनिटभरच लागलं.

आत डोकावलेल्यांपैकी एकाने ते वाचलं, एकदा वडिलांकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि सोबतच्याला म्हणाला, "बिचारी. लवकर गेला तिचा माणूस."

आईने ते ऐकलं. तिने माझा दंड सोडला.

यंत्रवाल्याने दगड बाहेर काढून ओल्या फडक्याने वरची पांढरी भुकटी पुसली. आईने आधी स्वतःच्या केसांवर बोट फिरवलं. खरबरीत. मग वडिलांच्या. तिथे पॉलिश होतं तसंच होतं, बोट सरळ घसरलं.

"पाह्य," ती मला म्हणाली, "गुयगुयीत. पैलेबी असेच होते. तेल लय लावे."