जिन्याखालची जागा

वकील संघाच्या मध्यस्थी आणि लवाद विभागात तिला सगळे साखरताई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर, कारण तिला त्याचं वाईट वाटत नसे. डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर ठेवली की कामं होतात, असं लोक नुसतं म्हणतात. ताईने त्यावर अख्खी वकिली काढली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे वकिलांनाही ठाऊक असतंच. पायरी चढलेल्यांना हळूच खाली उतरवायचं, हे तिचं काम.

विभागाचं वर्ष ठरलेलं असे. आधी नव्या मध्यस्थांचं प्रशिक्षण, मग लवादाचं काम कुणाला द्यायचं त्यावरून रुसवेफुगवे, मग समेट सप्ताह आणि शेवटी वार्षिक सभा. लवादाचा सगळा भार ज्यांच्यावर होता त्या ज्येष्ठ वकिलांना लवादकाका म्हणत. लवाद दोघांचं ऐकतो आणि निवाडा देऊन मोकळा होतो. मध्यस्थाला निवाडा देता येत नाही, त्याला दोघांना राजी करावं लागतं. लवादकाका चहा पिताना म्हणत, "मी एकाला हसवतो, एकाला रडवतो. ही दोघांना हसवत घरी पाठवते. दोघं एकदम हसायला लागले ना, की मला भीती वाटते बुवा."

ताई हसून सोडून देई. या कामाचं शिक्षण तिला घरातच मिळालं होतं. तिचे आईवडील एकमेकांशी बोलत नसत आणि निरोप्याचं काम या एकुलत्या एक मुलीकडे होतं. वडील म्हणत, "सांग तुझ्या आईला, माणसाने खावं असं काहीतरी कर." पोर स्वयंपाकघरात जाऊन सांगे, "बाबांना आज तुझ्या हातचं काहीतरी वेगळं हवंय." आई म्हणे, "सांग त्यांना, हॉटेलं उघडी आहेत." पोर बाहेर येऊन सांगे, "आई म्हणते, थोडा वेळ लागेल." असं करत करत तिने ते घर बरीच वर्षं चालवलं. मग एका संध्याकाळी वडील दारात चपला घालता घालता म्हणाले, "आईला सांग, मी आता येत नाही." पोरीने आत जाऊन सांगितलं, "बाबांना उशीर होणार आहे." आईने त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही ठेवलं, तिसऱ्याही. ते झाकलेलं ताट बघत पोर जेवत असे, आणि तिच्या तोंडून खरा निरोप काही निघत नसे.

एवढं झाल्यावर तरी तिने साखर सोडायला हवी होती. पण स्वभावाला औषध नसतं. मोठी झाल्यावर तिने त्याचाच धंदा केला आणि त्यात नाव काढलं.

मध्यस्थीची रीत अशी. आधी दोन्ही पक्षांना एकत्र बसवायचं, भांडून घेऊ द्यायचं. मग एकेकाला वेगळं आतल्या खोलीत घ्यायचं. तिथे माणूस पोटातलं बोलतो, कारण ते दुसऱ्याला कळणार नाही अशी त्याला हमी असते. त्याने परवानगी दिली तेवढंच बाहेर न्यायचं. ताई प्रशिक्षणात नव्यांकडून दरवर्षी घोकून घेई, "आतलं आत, बाहेरचं बाहेर. ही भिंत पडली की आपलं दुकान बंद."

त्या वर्षीच्या समेट सप्ताहात तिच्यापुढे एक दीर-भावजय आले. तळमजल्यावर रंगाचं दुकान, वर दोन खोल्या. दुकान दोघा भावांचं होतं. थोरला वारला, त्याची बायको आणि शाळकरी मुलगी वर राहत होत्या. धाकट्याला सगळं घर हवं होतं. थोरल्याच्या बायकोला त्या कज्ज्यात सगळे 'वहिनी' म्हणत, अगदी समोरचा वकीलसुद्धा. तिला फक्त राहायला छप्पर हवं होतं. वर जायचा जिना मात्र दुकानातूनच होता.

रंगवाला दिसायला सज्जन, बोलायला मऊ, नखांच्या कडांना कुठलातरी निळा रंग कायमचा बसलेला. एकत्र बैठकीत तो अडून बसला होता. आतल्या खोलीत मात्र त्याने पाण्याचा ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाला, "राहू दे तिला वर. लिहून देतो. किती दिवस राहते ते बघू."

ताईचं पेन क्षणभर थांबलं. तिने विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, ताई. बोललो आपलं."

ती बाहेर आली. वहिनी बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ताई म्हणाली, "तुमचे दीर वरच्या खोल्या द्यायला तयार आहेत. अगदी खुशीने."

वहिनीने बोटाचा पदर सोडवला. मग म्हणाली, "चालेल."

आता 'हो' आणि 'चालेल' यांत काय फरक आहे हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. हो मनातून येतं. चालेल म्हणजे तुम्ही म्हणताय तर. ताई स्वतः प्रशिक्षणात सांगायची की पक्ष 'चालेल' म्हणाला तर उठू नका, अजून एकदा बसा. पण सप्ताहाचा शेवटचा दिवस होता, बाहेर आणखी पक्षकार ताटकळले होते, आणि खरं सांगायचं तर ताईला 'किती दिवस राहते' याचा अर्थ लावायचा नव्हता. दोघांनी सह्या केल्या. रंगवाल्याने वहिनीला वाकून नमस्कार केला, आणि बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले.

वार्षिक सभेत दरवर्षी एका समेटाचे दोन्ही पक्ष व्यासपीठावर बोलावत. अध्यक्षांना दीर-भावजयीचं प्रकरण आवडलं. आमंत्रण द्यायला ताई स्वतः गेली.

दुकानात पाऊल टाकताच थिनरचा वास नाकात शिरला. रंगवाला लगबगीने उठला, स्टूल पुसून दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. वर जायला ती जिन्याकडे वळली आणि थबकली. जिन्याखाली थिनरचे डबे रचले होते, जमिनीपासून थेट पायऱ्यांच्या पोटाला भिडेपर्यंत. जिन्याच्या तोंडाशीही डबे होते. माणसाला अंग चोरून जावं लागत होतं.

"इथे हे कशाला?" तिने विचारलं.

"जागा कुठे आहे, ताई? आणि जिन्याखाली काही ठेवू नये असं अटीत कुठे लिहिलंय? अटी मी अक्षरन् अक्षर पाळतो."

हे खरं होतं. अटी तिनेच लिहिल्या होत्या.

वर वहिनीने हसून स्वागत केलं. मुलगी खिडकीत बसून गणितं सोडवत होती. खिडकीला नवी जाळी होती, जाड सळयांची, चारही बाजूंनी भिंतीत पक्की केलेली. दुसऱ्या खोलीच्या खिडकीलाही तशीच.

"भाऊजींनी बसवून दिली," वहिनी म्हणाली. "चोरांची भीती म्हणून. पैसेसुद्धा घेतले नाहीत."

तिने सळईला हात लावून पाहिला. ती तसूभर हलली नाही.

ती तिथून थेट लवादकाकांकडे गेली. आतलं वाक्य काही तिने सांगितलं नाही; एवढंच विचारलं की आत कोणी धमकी दिली तर भिंत पाडता येते ना.

"धमकी स्पष्ट असेल तर येते," काका म्हणाले. "मारीन म्हणाला का?"

"नाही. बघू म्हणाला."

"बघू तर माझी सून रोज म्हणते. त्यावर माणसाला गुन्हेगार ठरवायला निघालीस तर उद्या आत कोणी तोंड उघडणार नाही."

काकांचं चूक नव्हतं, आणि म्हणून ताईला त्यांचा राग आला. तिने अग्निशमन कार्यालयात तक्रार केली. तिथून माणूस आला, त्याने परवाना पाहिला, भिंतीला टांगलेल्या वाळूच्या बादल्या पाहिल्या, डबे आत सरकवा म्हणून सांगितलं आणि गेला. डबे आत सरकले, आणखी आले. ताईची झोप उडाली. घरी तिची म्हातारी आई विचारायची, "काय गं, जेवत का नाहीस?" आणि ताई म्हणायची, "सभेची गडबड आहे." साखर अजून शिल्लक होती.

सभा दुपारी झाली. अहवाल वाचून झाला, टाळ्या झाल्या, मग रंगवाला माइकसमोर उभा राहिला. "ताईंमुळे आमचं घर राहिलं," तो म्हणाला. "नाहीतर एव्हाना राख झाली असती." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या ताईचे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.

चहाच्या वेळी वहिनीने तिला खांबाआड गाठलं. "ताई, एक विचारू? मी चालेल म्हटलं ते तुमच्या शब्दावर. भाऊजी खरंच खुशीने तयार झाले होते ना? म्हणजे, तुमच्याजवळ तसं म्हणाले होते ना?"

मागे कपबश्या वाजत होत्या. ताईला ते झाकलेलं ताट आठवलं. आईने कधी विचारलं नव्हतं. ही विचारत होती. खोटं बोलायला एकच शब्द पुरला असता आणि तो तिच्या जिभेवर तयार होता.

"नाही," ती म्हणाली. "खुशीने हा शब्द माझा. ते म्हणाले, राहू दे तिला वर, किती दिवस राहते ते बघू."

वहिनी रडली नाही. "हे तेव्हा का नाही सांगितलंत? मी सही केली नसती. पोरीला घेऊन भावाकडे गेले असते. तुम्ही खुशीने म्हणालात म्हणून मी ती जाळी हसत हसत बसवून घेतली."

वहिनी शाळेतून मुलीला घेऊन परस्पर भावाकडे गेली आणि त्या घरात परत आली नाही. कपडे आणायलाही आली नाही.

लगेच दुसऱ्या दिवशी जिन्याखालचे डबे गेले. जागा झाडून, पुसून, धुऊन स्वच्छ. आणि रंगवाल्याची तक्रार विभागात दाखल झाली: आतलं बोलणं ताईंनी बाहेर फोडलं, आमचं घर मोडलं. चौकशीला लवादकाका बसले. जागा पाहायला माणसं गेली, त्यांना लखलखीत जिना दिसला. वहिनीने साक्षीत डब्यांबद्दल सांगितलं, जाळीबद्दल सांगितलं. पण चोरांपासून रक्षण करणारी जाळी हा काही पुरावा होत नाही. काकांनी ताईला एकच विचारलं, "वाक्य बाहेर सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग मी काय करू?"

त्यांनी तिचं नाव मध्यस्थांमधून काढलं. आग लागली नाही, त्यामुळे ताई बरोबर होती की वेडी हे कुणालाच कळणार नव्हतं. विभागात नव्या मुलांना आता तिचं उदाहरण देतात, भिंत कशी पडू देऊ नये याचं.

ती घरी बसली. घर पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याचं. वर ती आणि आई, खाली मालकाचं बंद गोदाम. आईचे गुडघे गेल्याला बरीच वर्षं झाली होती, ती जिना उतरतच नसे. एका सकाळी ताई भाजी घेऊन आली तर फाटकाशी रंगवाला उभा. हातात काही नव्हतं. निळ्या कडांची नखं तेवढी दिसली.

"सहज आलो, ताई," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल वाईट वाटलं. आपल्यात काही वैर नाही." मग त्याने मान वाकवून जिन्याकडे पाहिलं, खालचा अंधार नीट निरखला. "घरमालक माझ्या ओळखीचे निघाले. गोदाम भाड्याने द्यायचं म्हणत होते. तुमच्या जिन्याखाली जागा बरीच आहे हो."

नमस्कार करून तो गेला. कठड्याला धरून ती वर आली, पिशवी खाली ठेवली.

आतून आईने विचारलं, "कोण होतं गं? काय म्हणत होता?"

पत्ता विचारत होता, असं ओठांवर आलं होतं. ताई आईच्या पलंगाशी बसली आणि तिने तो कोण, काय करतो आणि काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. जिन्याखालच्या जागेपर्यंत सगळं. शब्द गाळला नाही, घातला नाही.

आई ऐकत राहिली. शेवटी तिने अंगावरची चादर बाजूला केली आणि पाय पलंगाखाली सोडले.

"काठी दे," ती म्हणाली. "जिना उतरता येतोय का ते बघते."