पत्रिकेला नाही कसं म्हणायचं?

उमरग्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि ते चालतं लग्नसराईवर. रुखवताचा हंडा, कळशी, आहेराची ताटं. त्यामुळं दुकानाच्या फोनवर गिऱ्हाइकांच्या घरच्या लग्नपत्रिका सारख्या येतात. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, एकूण एक पत्रिका उघडून बघणार, फोन कपाळाला लावणार आणि जमलं तर अक्षता टाकायलाही जाणार. आलेल्या पत्रिकेला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम.

आणि मी हात धुऊन त्या फोनच्या मागं. "मामा, ओटीपी कुणाला सांगू नका. मामा, भलतंसलतं काही उघडू नका." सांगून सांगून तोंडाला फेस आला. ते म्हणायचे, "व्हय व्हय, कळतंय की. लई शिकवू नको."

त्या दिवशी मी मागच्या खोलीत माल लावत होते. बाहेर आले तर मामा फोनवर बोट आपटत बसलेले.

"जुन्या गिऱ्हाइकाची पत्रिका आलीय, पण उघडंना झालीय. सारखी परवानगी मागतीय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दिली की! माणूस लग्नाला बोलवतंय, त्याला नकार कसा द्यायचा?"

अरे देवा! एकदा नाही, फोन विचारेल तितक्यांदा दिली होती. ती पत्रिका नव्हतीच, चोरांचं ॲप होतं; त्यांनी त्या गिऱ्हाइकाचा फोन आधीच ताब्यात घेतलेला, आता आमचा घेतला. मी धावतपळत बँकेत खातं बंद करवलं, म्हणून पैसे तरी वाचले. पण तीच खोटी पत्रिका आमच्या नंबरवरून सगळ्या गिऱ्हाइकांना गेली. आमच्या दुकानाच्या नावानं!

दुसऱ्या फोनवरून एकेकाला सांगत सुटले, "ती पत्रिका उघडू नका." तर लोक माझ्यावरच रुसले. एक जण म्हणाला, "वहिनी, बोलवायचं बी अन् येऊ नका म्हणायचं बी? आमचं काय चुकलं?" आता याला काय सांगायचं, कपाळ? काहींनी तर दुकानाचा नंबर बघून बिनघोर उघडली होती. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? बाकीच्यांनी आमचा नंबरच ब्लॉक केला. लग्नसराई तोंडावर, आणि फोन मुका.

सगळा राग मामांवर काढला. "इथून पुढं मला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, काही उघडायचं नाही!"

काही दिवसांनी राज्याच्या सीमेपलीकडच्या गावची एक आजी आली. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. "नातीचं लगीन हाय. हंडा तुमच्याकडूनच न्यायचा," म्हणाली. किती बरं वाटलं मला! तिनं पिशवीतून हळद-कुंकू लावलेली कागदाची पत्रिका काढली आणि मामांपुढं धरली.

मामांचे हात पुढं झाले आणि मधेच थांबले. माझ्याकडं बघून त्यांनी हळूच विचारलं,

"घेऊ का?"

आजीचा चेहरा उतरला. त्या चोरांना समोरच्या हंड्यानं बडवून काढावं असं वाटलं मला.

"घ्या की हो, मामा," मी म्हणाले. तरी त्यांचे हात पुढं यायला वेळ लागला.