मीटरवाल्याचं आवडतं दार

दर महिन्याला मीटर रीडिंगवाला येतो, मोबाईलवर मीटरचा फोटो काढतो आणि ‘झालं’ म्हणून निघतो. पाणी विचारलं तर म्हणतो, “न्हाई, लई घरं हायत अजून.”

आमच्या लातूरकरांच्या फेसबुक ग्रुपवर लोक आपापल्या आवडीचे फोटो टाकतात. कुणी धपाट्यांचा, कुणी नातीचा. या मीटरवाल्यानं टाकलं चक्क आमचं दार! निळ्या रंगाचे पोपडे निघालेले, कडीला दुधाची पिशवी अडकवलेली. खाली एवढंच, ‘माझं आवडतं.’

मला रागच आला. पुढच्या खेपेला त्याला धरलंच. “न विचारता फोटो काढलात? एवढं काय आहे हो आमच्या दारात?”

मीटरवरची नजर न काढता तो म्हणाला, “दिवसभर दारंच बघतो, साहेब. ह्येच आवडलं.”

“पण का?”

“ते न्हाई सांगता येत. काढून टाकू का?”

“राहू द्या,” मी म्हणालो.

दिवाळीआधी रंगारी आला. तो दारावर पॉलिशपेपर घासणार, तेवढ्यात मी त्याला थांबवलं. बायको अजून विचारते, का? मला सांगता येत नाही.

परवा तो आला, मीटरचा फोटो काढला, ‘झालं’ म्हणाला. दाराकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.